एम्शरच्या बंधाऱ्याचा दरवाजा

मी एम्शर नदीवरच्या बंधाऱ्याचा दरवाजा बोलतोय. ओकच्या लाकडाचा, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेला. एकहोफ घराण्याच्या पाणचक्कीसाठी मला बसवलं. मी खाली असलो की पाणी तुंबायचं आणि चक्की फिरायची. मला उचललं की नदी मोकळी.

आधी माझ्या अंगावर शेवाळ असायचं. मग कोळशाच्या खाणी आल्या आणि पाण्यावर तेलकट, काळी साय धरू लागली. खाणींनी जमीन आतून पोखरली, ती खचली. नदीला उतारच राहिला नाही. वरच्या शहरांची सगळी घाण माझ्यापाशी येऊन कुजायची.

बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला खाणकामगारांची वस्ती होती. हेच पाणी तिथल्या तळघरांत शिरलं. एका उन्हाळ्यात तिथे विषमज्वर आला.

नदीचं काय करायचं, हे ठरवायला शहरं, खाणी आणि कारखान्यांचं मंडळ नेमलं होतं. जो जास्त घाण सोडेल त्याची वर्गणी जास्त, आणि वर्गणी जास्त त्याची मतंही जास्त. चक्कीवाला बर्न्ड एकहोफ सभेहून परतला तो पांढराफटक होऊन.

"ठरलं," तो बायकोला म्हणाला. "पलीकडची रूर नदी पिण्याच्या पाण्यासाठी राखायची. आपली एम्शर गटार. बंधारे काढून घाण सरळ वाहू द्यायची."

"मग तुम्ही काय बोललात?"

"बोललो की! मंडळाचे साहेब चष्मे पुसत बसले होते." तो माझ्यापाशी येऊन उभा राहिला. "हा दरवाजा मी उचलू देणार नाही. आजोबांपासूनचा हक्क आहे आमचा."

दुसऱ्या दिवशी वस्तीतली यादविगा आली. एप्रन चिखलाने माखलेला.

"मालक, दरवाजा उचला."

"एकदा उचलला की परत खाली घेऊ देणार नाहीत, बाई. नदी गेलीच म्हणून समज."

"कुठली नदी? तुमची नदी माझ्या तळघरात आहे, या बघायला! थोरली पोर गेली. धाकटी सकाळपासून डोळे उघडत नाही."

बर्न्ड तिच्यामागून गेला. परत आला तेव्हा त्याचे बूट घोट्याच्या वरपर्यंत काळे होते. त्याने मला वर ओढायच्या रहाटाला खांदा लावला.

"हात लाव," तो यादविगाला म्हणाला. दोघांनी मिळून मला उचललं.

धाकटी पोर वाचली. मंडळाचे साहेब मात्र लगेच आले. "लोकहित ओळखलंत, एकहोफ," म्हणत त्यांनी हात पुढे केला. बर्न्डने हात खिशातून काढला नाही.

त्यांनी मला उपटलं, नदी सरळ केली आणि सिमेंटच्या फरशांत कोंडली. आता तिला कुंपण आहे. मी चक्कीच्या भिंतीशी पडून आहे आणि जमिनीच्या पोटात खाणी खचल्याचा आवाज ऐकतो. धप्प... आणि मग शांतता. परवा फरशीचा सांधा उघडला. वळणावर पाणी पुन्हा थबकलंय.

साहेब येऊन मोजमाप करून गेले. "पंप बसवू," म्हणाले.

"आणि पंप बंद पडला तर?" यादविगाने विचारलं. तोवर ते घोडागाडीत बसून निघूनही गेले होते.

मंडळाच्या लेखी एम्शरचा प्रश्न सुटलाय. मी आता काहीच अडवू शकत नाही, काहीच सोडू शकत नाही. यादविगाबाई, एवढंच ऐका: रोज सकाळी तळघरात उतरून पाणी आलंय का बघत जा.