आभाळातून उतरलेली पेटी

१९४६ च्या हिवाळ्यात म्हसवडजवळच्या माळावर सुलाबाईच्या मेंढरांत आभाळातून एक पेटी येऊन पडली. तिला फाटक्या रबराची लांबलचक चिंधी लोंबत होती. बॉम्ब समजून माणसं पांगली. सुलाबाईचा मुलगा अर्जुना मात्र सरळ पुढं गेला. महायुद्धात तो विमानतळावर हवामान मोजायच्या फुग्यांत हायड्रोजन भरायच्या कामावर होता.

"भिऊ नका. हवेचा गारठा मोजायचं यंतर हाय," तो म्हणाला. "फुग्यासंगट धा-बारा मैल वर जातं. जेवढं वर जावं तेवढा गारठा वाढतो."

म्हातारे पाटील हसले. "सूर्याजवळ जाऊन गारठा? पलटणीत लय थापा शिकलास रं!"

सुलाबाईला राहवलं नाही. "आवं पाटील, शिंगणापूरच्या डोंगरावर मी मेंढरं न्हेती. खाली घाम फुटतो, वर घोंगडं लागतं. तवा तुमचा सूर्य कुठं जातो?"

पाटील पेटी बघायला जवळ आले.

"आई बराबर बोलती," अर्जुना म्हणाला. "ऊन आधी भुई तापवतं, आन् भुई हवेला. पर धा मैलांच्या वर गारठा वाढायचा थांबतो, मग उलट ऊब वाढत जाती."

पेटीवर परत पाठवायचा पत्ता होता. दुसऱ्या दिवशी सुलाबाईनं ती कुणाला धरू दिली नाही. स्वतःच्या डोक्यावर घेऊन भर बाजारातून ती पोस्टात निघाली आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला थांबून सांगत राहिली, "आभाळात कुठं किती थंडी हाय, ते माझ्या अर्जुनाला ठावं हाय!"