खानदानी पिल्लं

या व्यवहारात समाधानला तीन गोष्टी मिळणार होत्या. ओझरच्या यादवनानांकडून साध्या पिल्लाच्या दुप्पट भाव, दिंडोरी तालुक्यात ‘खानदानी कोंबड्यांवाला’ असं नाव, आणि ‘कोंबड्यांच्या मागं फिरून कुणाचं भलं झालंय?’ असं विचारणाऱ्या बायकोला उत्तर. तिसऱ्या लाभाची किंमत त्याने सगळ्यात जास्त धरली होती.

मेहनतही तशीच केली होती. बाजारात कोंबडी घेताना तो तिच्या शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये बोटं लावून बघायचा. तीन मावली तर अंड्याला चांगली. शेजारच्या भाजीवाल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. याचं लक्ष बोटांकडे. दरवर्षीच्या पिल्लांतून एकेक निवडत चौथ्या वर्षी त्याच्या मनासारखा कोंबडा निघाला. सरळ तंगड्या, रुंद छाती, लालभडक तुरा. नाव ठेवलं साहेब.

साहेबाला दृष्ट लागू नये म्हणून समाधानने त्याला पिंजऱ्यात ठेवलं, आणि लोकांना दिसावा म्हणून पिंजरा रस्त्याकडेला. संध्याकाळी घटकाभर कोंबड्या आत सोडायच्या. त्या दिवसभर द्राक्षबागेत उकरून दमलेल्या, साहेब बसून बसून जड झालेला. भेट औपचारिक व्हायची.

“अहो, मोकळा सोडा त्याला,” छाया म्हणायची.

“उन्हानं रंग उडंल.”

“कोंबडा हाय का पैठणी?”

शेजारच्या रंगूमावशीचा कोंबडा मात्र दिवसभर बागेत मोकळा. त्याची मान जन्मापासून उघडी, पिसाचं नाव नाही. समाधान कुंपणावरून विचारायचा, “मावशी, निम्मा सोलूनच ठेवलाय का? आता मसाला तेवढा वाटा.”

“त्याचं त्याचं बरं चाललंय बाबा,” मावशी म्हणायची. “तू तुझ्या साहेबाकडं बघ.”

नानांनी साहेबाच्या पिल्लांची ऑर्डर दिली तशी समाधानने खुडूक कोंबड्यांखाली अंडी ठेवली. पिल्लं निघाली त्या सकाळी त्याने टोपली उचलली आणि तिथेच खाली बसला. एकूण एक पिल्लाची मान उघडी.

छाया बघून आली. “साहेबावर नाय गेली,” एवढंच म्हणाली. तिसरा लाभ तिच्या खात्यावर जमा झाला.

नाना आले तेव्हा समाधानने टोपलीवर फडकं टाकलेलं होतं. पण नाना कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस, माल हातात घेतल्याशिवाय पास करायचा नाही. त्यांनी फडकं ओढलं.

“ही साहेबाची?”

समाधान घसा साफ करत होता, तोवर कुंपणापलीकडून मावशी बोलली, “आमच्याची हायती, नाना. साहेबाला सही करायला बी सवड नाय मिळाली.”

नाना पोट धरून हसले. मग त्यांनी एक पिल्लू उलटंपालटं करून पाहिलं आणि त्यांचं हसू थांबलं. “समाधान, ही लय कामाची. उन्हाळ्यात माझ्या शेडमध्ये दाट पिसांच्या कोंबड्या धापा टाकून मरतात. उघड्या मानेची तग धरतात. ठरल्या भावाने सगळी नेतो. पण हीच जात पुढं चालवायची तर बाप पण पायजे. बाप नाय, तर पिल्लंही राहू दे.”

समाधान कुंपणाला वळसा घालून गिऱ्हाईक म्हणून मावशीच्या दारात गेला.

“मावशी, काय घेशील कोंबड्याचं?”

“पैसे नको बाबा. रविवारी मालेगावचा जावई येतोय. त्याला साधासुधा कोंबडा चालायचा नाय, चांगला पारखून घेतलेला पायजे.” तिने रस्त्याकडेच्या पिंजऱ्याकडे पाहिलं. “पारखण्यात तुझ्यासारखा दुसरा कोण हाय?”

“चार वर्षं लागली, मावशी.”

“व्हय रे. आन् फिरलेला नाय, म्हंजी मऊच असंल.”

रविवारी हिशोब मिटला. नानांना पिल्लं मिळाली आणि पिल्लांचा बापही. मावशीच्या जावयाने दोनदा रस्सा मागून घेतला. समाधानला दुप्पट भाव मिळाला आणि तालुक्यात नावही झालं, फक्त ते ‘उघड्या मानेच्या कोंबड्यांवाला’ असं. छायाने कुंपणावरून आलेली वाटी नवऱ्यापुढे ठेवली. “चाखा तरी,” ती म्हणाली, “खानदानी हाय.”

सगळ्यांचं बिल भरलं एकट्या साहेबाने. सबंध वस्तीत त्या पिल्लांशी काडीचा संबंध नसलेला तेवढाच एक कोंबडा होता.