झरोक्याच्या तोंडात उशी

मित्रांनो, घरातले लोक मला भोक म्हणतात. शहाणे लोक झरोका म्हणतात. काय म्हणायचं ते म्हणा, पण आज माझं ऐकून घ्या. मी रागावलो आहे, आणि गोड बोलायची मला सवय नाही.

मी एक जुना झरोका आहे. टेबल लाकडाचं बनतं, घागर तांब्याची बनते. मी मात्र काहीच न लावल्यामुळे झालो. हे घर बांधताना गवंड्याने छताच्या हातभर खाली चार विटा लावल्याच नाहीत. त्या न लावलेल्या विटा म्हणजे मी. मांजर शिरू नये म्हणून सुताराने आतून लाकडी गज ठोकले. माझं एक तोंड खोलीत उघडतं, दुसरं गल्लीत.

माझं काम फुकटचं आणि न दिसणारं. घरात माणसं श्वास सोडतात, दिवे जळतात, दूध उतू जाऊन करपतं. ती सगळी वापरलेली हवा वर चढते आणि माझ्यातून बाहेर पडते. इतक्या वर्षांत माझं कौतुक एकदाच झालं. कढईतल्या तेलाने पेट घेतला, खोली धुराने भरली, तेव्हा घरातली म्हातारी खोकत म्हणाली, "बरं बाई, हे भोक आहे!" दुसऱ्या दिवशी विसरली. थंडी आली की मात्र माझी आठवण सगळ्यांना. दाराची फट कुणाला दिसत नाही, कौलं सरकलेली दिसत नाहीत. बोट दाखवायचं ते माझ्याकडे. "वारा येतो तो त्या मेल्या भोकातूनच!"

दर हिवाळ्यात म्हातारी माझ्यात गोणपाट कोंबायची. मला राग यायचा, पण गोणपाट विरळ, कोंबणारे हात म्हातारे. कडेने श्वास घ्यायला जागा उरायची.

यंदा तसं झालं नाही. यंदा घरात बाळ आलं होतं.

म्हातारीचा मुलगा शिंपी. घरातच मशीन. माणूस मायाळू, पण कामात इतका चोख की बटण अर्ध्या दोऱ्याने सरकलं तरी उसवून परत लावेल. लोक त्याला मापवाले म्हणतात. पोरीला त्याने ठमी नाव ठेवलं होतं, लाडाचं. पाण्याच्या पिंपावर बर्फाचा पापुद्रा धरू लागला तसा त्याने चंगच बांधला की ठमीला वाऱ्याची झुळूकही लागू द्यायची नाही.

आधी त्याने खिडक्यांच्या फटींत कापडाच्या वळ्या बसवल्या. मग दाराच्या चारी कडांना जाड नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी ठोकली. शेवटी गल्लीतून शिडी लावून माझ्यापर्यंत आला आणि गळ्यातल्या टेपने चक्क माझं माप घेतलं. उंची, रुंदी, खोली. समोरची इस्त्रीवाली काकू खालून ओरडली, "काय रे मापवाल्या, घराला अंगरखा शिवतोस की काय?"

"कान झाकतोय काकू घराचे," तो हसत म्हणाला.

कान कसले झाकतोयस, नाक दाबतोयस! पण मला आवाज कुठला?

दुपारपर्यंत उशी तयार. चिंध्या ठासून भरलेली, चारी कोपरे काटकोनात. त्याने ती बाहेरून माझ्यात ढकलली आणि ती अशी बसली, अशी बसली, की कडेने सुईसुद्धा गेली नसती. आत येऊन त्याने काडी ओढून माझ्यासमोर धरली. ज्योत हलली नाही. म्हातारी कौतुकाने म्हणाली, "याला म्हणतात काम."

मित्रांनो, प्रेमाने केलेली चूक फार नीट केलेली असते.

मग खोलीत कोळशाची शेगडी आली. दरवर्षी शिंप्याची कोळशाची इस्त्री बाहेरच्या ओट्यावर असायची, यंदा तीही ऊब राहावी म्हणून आत घेतली. निखारे लालभडक, धूर नाही. धूर असता तर डोळे चुरचुरले असते, कुणीतरी ओरडलं असतं. निखाऱ्यांची विषारी हवा दिसत नाही, तिला वास नसतो. ती नेहमीसारखी माझ्याकडे आली आणि उशीवर आपटून परत खाली फिरली. गजांच्या आड मी सगळं बघत होतो आणि हलू शकत नव्हतो.

सगळ्यात आधी सून बोलली. "आई, माझं डोकं फार जड झालंय. ती खिडकी थोडी उघडू का?"

"बाळंतिणीचं डोकं जडच असतं. आम्ही काय बाळंत झालो नाही? खिडकी उघडलीस तर पोरीला सर्दी धरेल."

सुनेने खिडकीकडे नेलेला हात मागे घेतला. या घरात सुनेचं डोकं दुखलं तर ते नखरे. थोड्या वेळाने म्हातारीनेच कपाळ चोळायला घेतलं, तेव्हा तो थकवा ठरला.

मशीनची खडखड मंदावली. शिंप्याने डोळे चोळले आणि हातातलं कापड पुन्हा पुन्हा पाहिलं. शिवण वाकडी गेली होती. वाकडी, आणि या माणसाच्या हातून! मला वाटलं आता तरी कळेल. पण तो नुसता म्हणाला, "जरा डोळा लागतोय. ऊब छान झाली ना," आणि त्याने मशीनवर डोकं टेकलं.

ठमी मघापासून रडत होती. आता ती रडायची थांबली.

"बघ, कशी शहाण्यासारखी पडली," म्हातारी म्हणाली. जीभ जड पडत होती तिची.

सुनेने पोरीला छातीशी घेतलं. "आई, ही दूध ओढत नाहीये."

"झोपलीय ती. नको उठवूस."

सुनेने तळपायाला टिचकी मारली. पुन्हा मारली, जोरात. ठमी हुं की चूं नाही. मान कापडाच्या बाहुलीसारखी एका बाजूला कलली. सून उठायला गेली आणि गुडघ्यावर कोसळली.

"अहो! उठा ना! अहो!" शिंपी उठला नाही.

मग ती रांगत दाराकडे निघाली, एका हातात लेक.

"दार उघडू नकोस!" म्हातारी किंचाळली. "पोर गारठेल! माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?"

"गारठू दे," सून म्हणाली. या घरात आल्यापासून सासूला दिलेलं तिचं पहिलं उलट उत्तर.

तिने कडी काढली, पण दार हलेना. नमद्याची पट्टी, नवऱ्याच्या हातची, घट्ट धरून बसलेली. तिने ओढलं, हात सुटला. पुन्हा ओढलं. मग पोरीला काखेत दाबलं, चौकटीला पाय लावला आणि सगळं अंग मागे टाकलं. दार फाटल्यासारखं उघडलं. वारा आत घुसला, ती बाहेर पडली.

"अगं वेडी का तू? टोपडं तरी घाल लेकराला!" इस्त्रीवाली काकू धावली आणि सुनेचा चेहरा बघून जागीच थांबली.

सून पोरीची पाठ चोळत होती. काही नाही. पुन्हा चोळली. तोंडावर फुंकर मारली. काही नाही. गल्लीतला वारा सुरीसारखा होता आणि तो त्या उघड्या डोक्यावरून जात होता. मग ठमीने आवंढा गिळल्यासारखं केलं आणि भोकाड पसरलं. इतकं भेसूर रडणं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि इतकं गोडही.

"काकू, आत दोघं आहेत!"

काकूने म्हातारीला काखेत हात घालून ओढून आणलं. शिंप्याला दोघींनी उंबऱ्याबाहेर लोटलं. म्हातारी पायरीवर ओकली आणि तशातही म्हणाली, "पोरीला पांघरूण घाला."

सगळ्यांना दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले तेव्हा शिंप्याने चहासुद्धा घेतला नाही. थेट शिडी लावली.

"उतरा, पाय कापताहेत तुमचे," बायको खालून म्हणाली.

त्याने उशी ओढली. निघेना, इतकी ती मापात होती. शेवटी खिशातल्या कात्रीने तिचं पोट फाडलं आणि मूठमूठ चिंध्या काढून गल्लीत फेकल्या. मग माझ्यातून तो आत बघत राहिला. रिकामा पाळणा, विझलेली शेगडी.

"एवढं नीट कशाला शिवलं मी?" तो म्हणाला.

मित्रांनो, घर थंडीसाठी जरूर तयार करा. कौलं बसवा, गोधड्या उन्हात टाका, दाराला पट्टी लावा. पण विस्तव घरात आणणार असाल तर आमचं तोंड दाबू नका. झोपताना निखारे खोलीबाहेर काढा. आणि घरातल्या बाईचं डोकं दुखत असेल, तर तिला गप्प करण्याआधी खिडकी उघडा.

त्या रात्री तिघंही तीन-तीन पांघरुणं घेऊन निजले. मध्ये ठमी. माझ्यातून वारा सरळ म्हातारीच्या मानेवर येत होता. ती कण्हली, "फार थंडी वाजते गं."

"वाजू दे, आई," सून अंधारात म्हणाली. "वाजतेय तोवर आपण आहोत."