रंगावर उभं कुंपण

ओका नदीकाठच्या सॉसेज कारखान्याचा पहारेकरी यफीम नजारोविच याला १९९१ साली एकच घोर होता. नोव्हेंबरात पेन्शन बसेपर्यंत कुंपण उभं राहायला हवं. आधीच पडलं, तर घातपाताचा आळ त्याच्यावर आणि पेन्शनवर पाणी.

कुंपण लाकडी, आतून पार कुजलेलं. खिळे केव्हाच कामगारांच्या गावाकडच्या झोपड्यांना लागले होते. पोटाला सॉसेजच्या माळा गुंडाळून माणसं फळ्या सरकवत आणि बाहेर पडत. नव्या फळ्या मागाव्यात, तर मॉस्कोचं उत्तर ठरलेलं: अमेरिकेनं नवं क्षेपणास्त्र काढलंय, लाकूड सगळं आपल्या क्षेपणास्त्रांच्या खोक्यांना गेलं. रंग मात्र हवा तेवढा न्या. म्हणून दर मे दिनाला हिरवा रंग चढे, जुन्या रंगावर नवा.

उन्हाळा सरताना तपासनीस येणार अशी बातमी आली. डायरेक्टरबाई कपितोलिना आर्खिपोव्हना धावत फाटकाशी आल्या.

"यफीम नजारोविच, रंगाचा आणखी एक हात मारून घ्या!"

"बाई, आत लाकूडच उरलं नाही. नुसता रंग उभा आहे."

"मग त्याला सांगा, उद्यापर्यंत ताठ उभा राहा!"

तपासनीस ल्येव इग्नात्येविच अंगानं भरदार. कुंपण बघून खूश झाले, सिगारेट पेटवायला त्याला टेकले आणि कुंपणासकट आडवे झाले. एका फळीनं दुसरीला ओढलं, पार मागच्या रेल्वेच्या रुळांपर्यंत. पलीकडे सॉसेज झेलायला एप्रन पसरून उभ्या असलेल्या बाया तशाच उघड्यावर राहिल्या.

"घातपात!" ल्येव इग्नात्येविच पडल्या पडल्या ओरडले. "आतून ढकललं की बाहेरून?"

"आतून पोखरलं, बाहेरच्या भांडणात लाकूड गेलं," यफीम त्यांना उठवत म्हणाला. "पण कॉम्रेड, टेकलात तुम्ही."

त्यांनी कोटाला लागलेला हिरवा रंग पाहिला.

"मी कुठे टेकलो?"

"मग पडलं तरी कुठे?"

अहवालात कुंपण भक्कम ठरलं. यफीमची पेन्शन मंजूर झाली. कामगारही सवयीनं मोकळं रान सोडून फाटकातूनच येत, पास दाखवत.

डिसेंबरात बायको मार्फा रेडिओजवळून धावत आली.

"अरे यफीम, ऐकलंस का? देश मोडला!"

"कुणाचा?"

"आपला, मेल्या!"

"आणि माझी पेन्शन?"

"देणारंच उरलं नाही, तर पेन्शन कसली?"

यफीमनं चहाचा पेला खाली ठेवला.

"टेकलं कोण?" त्यानं विचारलं.