मागची टाकी

टाकी आपण भरली हे आजोबांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि आता सांगायचं म्हटलं तर जीभ रेटत नव्हती.

चौतीस वर्षं त्यांनी पाणी शुद्धीकरण केंद्रात काढली होती. अख्ख्या शहराचं पाणी बाटल्यांत भरून तपासायचं, हेच काम. त्यातून एक खोड जडली ती जडलीच. आपल्या स्वयंपाकघरातला नळ सोडला तर जगातल्या कुठल्याच पाण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. तळ्यावर जाऊन चार दिवस बोटीत राहायचं, आणि प्यायला धक्क्यावरचं पाणी? नावच नको! म्हणून सकाळी लेक अंघोळीला गेलीय असं पाहून त्यांनी खिडकीतून नळी बाहेर काढली आणि बोटीच्या मागच्या बाकाखालची दोनशे लिटरची टाकी काठोकाठ भरली. झाकण लावलं, नळी गुंडाळली आणि साळसूदपणे चहा प्यायला येऊन बसले.

लेक फार्मासिस्ट. मोजल्याशिवाय ती मीठसुद्धा घालत नसे. आदल्या संध्याकाळी तिने न्हाणीघरातला वजनकाटा उचलून बोट लादून गाडीमागे ओढायच्या ट्रेलरच्या पुढच्या दांड्याखाली ठेवला होता आणि सामान पुढेमागे सरकवत बसली होती. शेवटी काट्यावर एकशेदहा किलो आले तेव्हा ती कंबर धरून उठली. “बाबा, सगळी मेख इथे आहे,” ती म्हणाली, “गाडीच्या हुकावर भार कमी पडला ना, की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. मग तो गाडीलाही फरफटत नेतो.”

“हं,” आजोबा पेपरामागून म्हणाले होते. त्या ‘हं’मध्ये त्यांनी एक अक्षरही मनावर घेतलं नव्हतं. ते आठवलं आत्ता, हमरस्त्यावर, मोठ्या गाडीत तिच्या शेजारी बसून.

कारण पहिला ट्रक बाजूने भर्रकन गेला आणि त्यांची गाडी मागून कुणी हात धरून ओढावी तशी डुलली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग थांबली.

“काय झालं?” मागच्या सीटवरून नात म्हणाली. आठ वर्षांची होती, मांडीवर चित्रांची वही.

“काही नाही गं, वारा,” लेक म्हणाली, पण आरशात बघत राहिली. थोड्या वेळाने हळूच तिने विचारलं, “बाबा, माझाच हात हलतोय का हो?”

दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो, हा हिशोब आजोबांना कुणी शिकवायला नको होता. तेही पार मागच्या टोकाला. मागे जेवढं दबणार तेवढं पुढे उचललं जाणार, हे पोरालाही कळेल.

“हात स्थिर ठेव,” ते म्हणाले. शहाणपणा बघा माणसाचा!

ती अजिबात चिडली नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. एकोणीस वर्षांची असताना गाडी मागे घेताना तिने घराचं फाटक पाडलं होतं. तेव्हापासून आल्यागेल्या प्रत्येकाला आजोबांनी तो किस्सा ऐकवला होता, हातवारे करून, फाटक कसं कण्हलं ते आवाज काढून. लोक पोट धरून हसत. तीही हसे. पण वीस वर्षं तिने लांबच्या रस्त्यावर स्टिअरिंगला हात लावला नाही. आज जावई कामावरून परस्पर तळ्यावर येणार होते, म्हणून पहिल्यांदाच बोट तिने आणायची ठरवली होती. तीन रविवार रिकाम्या मैदानात तिने सराव केला होता.

पुढे पाटी आली. सहा किलोमीटर उतार. त्याआधी उजेडात लखलखणारी एक मोकळी जागा, ट्रक थांबायला केलेली. आता सांग, आजोबा स्वतःला म्हणाले. थांब म्हण. टाकी भरलीय म्हण. तोंड उघडलंही त्यांनी. पण डोळ्यांसमोर तिचा चेहरा आला, आणि मग जावयाचा, आणि मग आयुष्यभर सांगितला जाईल असा किस्सा. ती जागा बाजूने निघून गेली.

उतार लागला तशी बोट जड झाली. मागून ढकलतेय असं वाटायला लागलं. पहिल्या वळणावर ट्रेलर हलला. दुसऱ्यावर पुन्हा, जास्त. आणि मग तो थांबेचना. गाडीचं मागचं अंग एकदा दरीकडे, एकदा डोंगराकडे जायला लागलं. वही खाली पडली, रंगाचे खडू दारावर आपटले. नात किंचाळली, “आई!”

“ब्रेक मार!” आजोबा ओरडले. “अगं ब्रेक मार, ब्रेक!”

तिने ब्रेक मारला नाही. पाय उचलला, बस. दोन्ही हातांनी स्टिअरिंग सरळ घट्ट धरून ठेवलं, डोलण्यामागे ते एक बोटभरही वळवलं नाही. मग डावा हात खाली गेला. तिथे ट्रेलरच्या एकट्याच्या ब्रेकची लहानशी दांडी होती. ती तिने हळूहळू, अगदी हळूहळू सरकवली. आजोबांना खिडकीत आभाळ दिसलं, मग कठडा, मग पुन्हा आभाळ. त्यांनी डोळे मिटले. नातीचा चेहरा तेवढा आठवला, दुसरं काही नाही.

मागे ओढल्यासारखा एक झटका बसला. डोलणं कमी झालं. आणखी कमी. गाडी रस्त्याच्या कडेच्या रुंद पट्टीवर येऊन उभी राहिली.

लेक उतरली, ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावून आली, नातीला जवळ घेऊन कठड्याच्या आत बसली आणि रडायला लागली. “मला नाही जमत,” ती म्हणाली. “तुम्ही म्हणता तेच खरं आहे, बाबा. ह्यांना फोन लावते. ते येऊन घेऊन जातील. मी परत या गाडीला हात लावणार नाही.”

झालं. आता गप्प राहिलं की सुटले होते आजोबा. तळ्यावर पोचल्यावर गुपचूप टाकी रिकामी करायची, संपलं. कुणाला कधीच कळणार नव्हतं. पण ते गाडीतून उतरले आणि तिच्यासमोर रस्त्याच्या मातीतच फतकल मारून बसले.

“मागची टाकी मी भरली,” ते म्हणाले. “सकाळी. तू अंघोळीला गेलीस तेव्हा. काठोकाठ.”

तिने मान वर केली. “वजन केल्यावर?”

“वजन केल्यावर.”

“आणि पहिल्यांदा हललं तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

“होतं.”

“मी विचारलं होतं तुम्हाला. हात हलतोय का म्हणून.”

“हो.”

ती किती चिडली म्हणून सांगू! डोळे पुसून उठली, बोटीच्या मागे गेली, टाकीचं खालचं बूच काढलं. चौतीस वर्षांच्या खात्रीचं ते स्वच्छ पाणी घळाघळा रस्त्याच्या कडेने उताराला वाहायला लागलं. पाव तास लागला. शेवटचा थेंब पडेपर्यंत ती तिथून हलली नाही.

“मागे बसा,” मग ती म्हणाली. “आणि एक शब्द बोलायचा नाही.”

आजोबा मागे बसले. ती हळू निघाली, खालच्या गिअरमध्ये. नातीने त्यांचा हात धरला होता, की त्यांनी तिचा, कोण जाणे. ट्रेलर मागून निमूटपणे येत होता.

धक्क्यावरचा रखवालदार साखळी घेऊन पुढे आला. त्याने बोटीकडे पाहिलं, आजोबांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. “एवढा उतार उतरून आणलीत? तुम्ही चालवली वाटतं, काका?”

लेक हुकाशी वाकली होती. तिचे हात थांबले. तो फाटकाचा किस्सा आता येणार, हे तिला ठाऊक होतं.

“नाही,” आजोबा म्हणाले. “मुलीनं आणली. मी घात केला होता, तिनं जीव वाचवले.” मग त्यांनी विचारलं, “प्यायला पाणी कुठे आहे हो इथे?”

रखवालदाराने भिंतीकडचा गंजका नळ दाखवला. आजोबा गेले, ओंजळ धरली आणि पोटभर प्याले.