बाणाची खूण असलेला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या रानातल्या एका घराला मी लावलेला आहे आणि माझ्या अंगावर कुऱ्हाडीच्या तीन घावांचा बाण आहे. मुलं विचारतात, "दारावर बाण कशाला?" खरं सांगू? माझाही या बाबतीत अजून गोंधळच आहे.

दरवाजा होण्याआधी मी पाइनचा उंच वृक्ष होतो, जेबेझ कोल्बीच्या घरामागे उभा. दोन फुटांहून जाड पाइन असला की तो इंग्लंडच्या राजाचा, असा तेव्हा कायदा होता, कारण आमच्यावर त्याचंच राज्य होतं. राजाच्या जहाजांना डोलकाठ्या लागत. एक दिवस राजाचा रानअधिकारी आला, माझ्यावर राजाच्या मालकीची खूण म्हणून बाण कोरून निघून गेला. जेबेझला कोण आनंद! राजासाठी फ्रेंचांशी लढताना त्याच्या डाव्या पायात गोळी लागली होती. तो पाय ओढत तो पाहुण्यांना माझ्यापाशी आणायचा. "हा आपला गडी एक दिवस राजाच्या जहाजावर उभा राहणार!" राजाच्या वाढदिवशी तो माझ्याखाली बंदुकीचा बार काढायचा. मीही जरा जास्तच ताठ व्हायचो.

बाकीचं गाव जाड झाडं गुपचूप पाडी आणि फळ्या दोन फुटांना दोन बोटं कमी चिरी. कुणी मोजायला आलंच, तर झाड बारीक होतं म्हणायला मोकळे. शेजारचा ओबदिया हसायचा, "अरे जेबेझ, राजाला तुझं नाव तरी ठाऊक आहे का?"

"राजाच्या राज्यात राहून राजाचीच चोरी करता, लाज नाही वाटत?" जेबेझ लालबुंद व्हायचा.

मग पानगळीच्या दिवसांत वादळ झालं आणि मी उन्मळून पडलो, तो थेट जेबेझच्या छपरावर. अर्धं घर उघडं पडलं. आत त्याची बायको हिटी होती आणि सहा आठवड्यांची मुलगी. कुणाला लागलं नाही, पण मला फार वाईट वाटलं.

"अहो, करवत काढा की," हिटी म्हणाली. "थंडी तोंडावर आलीय."

"राजाचं झाड आहे, हिटी. परवानगी मागवतो."

"आपल्या छपरावर पडलंय ते! राजा येणार आहे का पोरीला पांघरूण घालायला?"

त्याने पत्र लिहिलं. मग दुसरं. मग तिसरं. उत्तर आलं नाही. एका सकाळी बर्फ भुरभुरलं आणि पाळण्यातल्या पोरीच्या गालावर साठलं. ती रडत नव्हती, निळी पडली होती. हिटीने तिला चुलीपाशी नेऊन चोळचोळ चोळलं, तेव्हा कुठे तिने टाहो फोडला. जेबेझ उठला. करवत घेऊन बाहेर आला.

मदतीला आलेला ओबदिया कुजबुजला, "दोन बोटं कमी चीर रे."

"मी काय चोरी करतोय? पूर्ण रुंदीने चिरायचं!"

असा मी अख्ख्या रुंदीचा, बाणासकट, दरवाजा झालो. वरच्या छपराच्या फळ्याही माझ्याच.

पत्रांचं उत्तर आलं नाही, पण अधिकारी मात्र आला. बर्फ गुडघाभर होतं. "बाण राजाचा, दरवाजा राजाचा. काढा रे!" त्याची माणसं बिजागऱ्या उपटू लागली.

जेबेझने टोपी काढली. "साहेब, बर्फ वितळलं की न्या. आत तान्हं आहे."

"राजाने तुझ्यासाठी थांबायचं?"

जेबेझने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "मी थांबलो होतो, साहेब. तीन पत्रं लिहून."

तेवढ्यात ओबदिया आणि गावकरी तोंडाला काजळी फासून धावत आले. त्यांनी पाइनच्या फोकांनी अधिकाऱ्याला झोडपलं आणि घोड्यावर उलटा बसवून हाकललं. जेबेझने हात उचलला नाही. तो मला पाठ टेकून उभा होता. मी गोंधळलो. मी नेमका कुणाचा? आणि हा आता कुणाचा?

त्या वर्षी राजाच्या वाढदिवसाला बार निघाला नाही. काही वर्षांनी सगळ्या मुलखाने राजाविरुद्ध बंड केलं आणि तीच बंदूक घेऊन जेबेझही लढायला निघाला.

"ज्याच्यासाठी पाय अधू करून घेतलात, त्याच्यावरच बंदूक?" हिटीने विचारलं. "कधी बदललात हो तुम्ही?"

त्याने उंबऱ्यात थांबून माझ्या बाणावर हात फिरवला. "मलाच कळलं नाही गं. मला फक्त छप्पर हवं होतं."

आमच्याकडे आतली कडी उघडणारी दोरी बाहेर लोंबत ठेवली, की येणाऱ्याला घर मोकळं असतं. हिटीने ती वर्षानुवर्षं बाहेरच ठेवली. जेबेझ आला नाही.

पुढे राजाचं राज्य गेलं, ती मुलगी मोठी झाली, तिचं लग्न झालं. जावई रंधा घेऊन आला. "आता कसला राजा! तासून टाकतो हा बाण."

"हात लावू नका," ती म्हणाली. "आई सांगते, बाबा तो पाहुण्यांना दाखवायचे."

मित्रांनो, शहाणी माणसं या बंडाची मोठमोठी कारणं सांगतात. ती खरीच असतील. मी एक दरवाजा. मला तीन पत्रं तेवढी आठवतात. म्हणून एवढंच मागतो. तुम्हाला जीव लावणारं कुणी पत्र लिहील, तेव्हा नकार असला तरी कळवा. त्याला बर्फात थांबवू नका.