हॉक्सेलबीची सून

मी माहेरची आंजर्लेकर. आडनाव आहे म्हणजे मागे गाव असणारच, हे माझ्या डोक्यात पक्कं. लग्न झाल्यावर नाइजेल हॉक्सेलबीला मी पहिलं काय विचारलं, तर "तुझं गाव कुठाय?" तो म्हणाला, "वॉटफर्ड." कपाळ माझं! वॉटफर्डच्या अनाथाश्रमात वाढला होता तो. आईबाप नाहीत, भावंडं नाहीत. होतं ते आडनाव, आणि तेही अख्ख्या इंग्लंडात दुसऱ्या कुणाचं सापडेना.

मला सासर हवं होतं हो. सासूने टोमणे मारले असते तरी ऐकून घेतले असते.

मग मीच लायब्ररीत बसून शोधलं. शेवटचं ते 'बी' म्हणजे जुन्या डॅनिश बोलीत गाव. घ्या, माझंच खरं निघालं. लिंकनशरमध्ये होतं हॉक्सेलबी. निम्मं प्लेगने गेलं, उरलेल्यांना जमीनदाराने हुसकावून लावलं, त्याला जमीन मेंढ्यांच्या कुरणासाठी हवी होती. ते जिथे गेले तिथे लोक त्यांना हॉक्सेलबीवाले म्हणू लागले. गाव सुटल्यावरच गावाचं नाव चिकटतं माणसाला, आम्हा आंजर्लेकरांचं तरी काय वेगळं झालं? नाइजेल म्हणायचा, "नेक्स्ट समर नक्की जाऊ." असे कितीतरी समर गेले. मागच्या वर्षी तोच गेला.

या ऑगस्टमध्ये आमची मुलगी वरदा मला पिनरच्या घरून गाडीने तिथे घेऊन गेली. मी हट्टाने लग्नातला शालू नेसले. बघते तर काय, नुसतं गव्हाचं शेत. कडेला जमीन जराशी उंचसखल, तिथे घरं होती म्हणे. उंबरा नाही, दार नाही, 'आलीस का' म्हणायला माणूस नाही. मला रडूच फुटलं.

"नवी सून गावात आली की तिची ओटी भरतात गं," मी म्हटलं. "सासरचं कुणीतरी भरतं."

वरदाने कडेच्या चार लोंब्या तोडल्या. "पदर पुढे कर, आई. मी आहे ना हॉक्सेलबी."

"वेडी का तू? विधवेची ओटी भरत नाहीत."

"तो रूल तुझ्या गावचा. हे डॅडचं गाव आहे."

मी पदर पसरला. तिने त्यात लोंब्या घातल्या. मग सासरच्या माणसांना वाकून नमस्कार करायचा असतो. माणसं नव्हती, म्हणून मी शेताला केला. नाइजेल शेजारी हवा होता. तो नमस्कार जोडीने करायचा असतो.